उजवं-डावं : मेंदूच्या स्कॅनविषयी काही टिपणं

स्कॅन उलटा उघडला की नवीन मुलं घाबरतात. नाक खाली, लहान मेंदू वर, कधी कपाळ पडद्याच्या कडेला. या चुकीची मला काळजी वाटत नाही, कारण ती दिसते. पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं ओळखायला डोळे आहेत, नाक आहे, मागे लहान मेंदू आहे, खाली मणका आहे. उजव्या-डाव्याला असा आधार नाही. छातीच्या स्कॅनमध्ये हृदय डावीकडे कललेलं असतं, पोटात यकृत उजवीकडे असतं. मेंदूचे दोन गोलार्ध नुसत्या डोळ्यांना सारखेच. त्यामुळे स्कॅनचं आरशातलं रूप समोर आलं तरी ते तितकंच निरोगी आणि तितकंच खरं दिसतं, आणि सॉफ्टवेअरही तक्रार न करता त्यावर आकडे काढून देतं.

*

उजवा गोलार्ध पुढच्या टोकाला किंचित जास्त पुढे आलेला आणि डावा मागच्या टोकाला किंचित जास्त मागे गेलेला असतो. याकोव्हलेव्ह यांच्या नावाने हा पीळ ओळखतात. पुष्कळ मेंदूंची सरासरी काढली की तो स्पष्ट दिसतो. एकट्या माणसाच्या स्कॅनवर त्याच्या भरवशावर बाजू ठरवू नये.

*

एक फाइल जवळून पाहू. एफएसएल या सॉफ्टवेअरबरोबर येणारा एमएनआय १५२ चा २ मिलिमीटरचा टेम्प्लेट, म्हणजे सरासरी मेंदूचा नमुना. आकार ९१ × १०९ × ९१ व्हॉक्सेल. फाइलच्या हेडरमध्ये व्हॉक्सेलच्या क्रमांकांवरून मिलिमीटरमधली जागा सांगणारा मॅट्रिक्स असतो. त्याच्या तीन ओळी अशा:

−२, ०, ०, ९०
०, २, ०, −१२६
०, ०, २, −७२

व्हॉक्सेलचे क्रमांक ४५, ६३, ३६ घ्या. पहिल्या ओळीने −२ गुणिले ४५ अधिक ९० म्हणजे शून्य. दुसरीने १२६ उणे १२६, तिसरीने ७२ उणे ७२. तीनही शून्य आले. हा मूळबिंदू, दोन गोलार्धांना जोडणाऱ्या अँटिरियर कमिशर या छोट्या तंतूपट्ट्याच्या अगदी जवळचा. आता ०, ०, ० हा व्हॉक्सेल घ्या. क्ष आला +९०. निफ्टी या फाइल-स्वरूपाच्या करारात क्ष उजवीकडे वाढतो, य पुढे, झ वर. म्हणजे फाइलमधला पहिला व्हॉक्सेल डोक्याच्या उजव्या बाजूचा आहे आणि क्रमांक वाढेल तसे आपण डावीकडे जातो. हे सगळं त्या पहिल्या दोनाआधीच्या उणे चिन्हाने सांगितलं. चित्राच्या आकड्यांत ते कुठेही लिहिलेलं नाही.

नव्या विद्यार्थ्याला मी हा हिशेब कागदावर करायला लावते. एकदा हाताने केला की पुढे प्रत्येक हेडर वाचता येतो.

*

वरच्याच टेम्प्लेटवर घडलेला प्रकार. पायथनमध्ये हिप्पोकॅम्पसचा मास्क तयार केला, लेबल १ डावा, लेबल २ उजवा. साठवताना मूळ फाइलचा मॅट्रिक्स न देता एकक मॅट्रिक्स दिला. कर्णावर एक, बाकी शून्य. पुष्कळ नमुना कोडमध्ये असंच लिहिलेलं असतं, म्हणून ही चूक सर्रास होते. मास्क उघडला तर तो निम्म्या आकाराचा आणि डोक्याच्या उजव्या-पुढच्या-वरच्या कोपऱ्यात सरकलेला. कारण उघड आहे: ०, ०, ० हा व्हॉक्सेल आता मूळबिंदूवर आला आणि २ मिलिमीटरचा व्हॉक्सेल १ मिलिमीटरचा झाला.

विद्यार्थ्याने व्ह्यूअरमध्ये मास्क दुप्पट केला, ओढून जागेवर आणला. “मॅडम, जुळलं.” आणि खरोखर जुळलेलं दिसत होतं. दोन्ही हिप्पोकॅम्पस आपापल्या जागी, कडा नीट. पण आकार आणि जागा सुधारली, चिन्ह सुधारलं नाही. लेबल १ उजव्या बाजूला जाऊन बसलं होतं.

तपासणी सोपी आहे. लेबल १ च्या सगळ्या व्हॉक्सेलचं मिलिमीटरमधलं केंद्र काढायचं. डावा असेल तर क्ष ऋण आला पाहिजे. कोडच्या शेवटी ही एक ओळ कायमची ठेवावी. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात आकसलेला हिप्पोकॅम्पस बहुधा झटक्यांची बाजू दाखवतो. तिथे तक्त्यातल्या डाव्या-उजव्या स्तंभांची अदलाबदल म्हणजे एका माणसाच्या डोक्याच्या चुकीच्या बाजूकडे बोट दाखवणं.

*

हाताने ओढून चित्रं जुळवू नयेत. ओढून जुळवलेलं चित्र पटतं, आणि पटलं की पुढचा प्रश्न विचारला जात नाही.

*

डाव्या हाताचा हातमोजा कसाही फिरवला तरी उजव्या हातात बसत नाही. मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट हेच सांगतो. तो ऋण असेल तर एफएसएल त्या साठवणीला रेडिऑलॉजिकल म्हणतं, धन असेल तर न्यूरोलॉजिकल. दोन्ही साठवणी योग्य आहेत. ऋण आला म्हणून काही बिघडलं असं नव्हे. बिघाड तेव्हा, जेव्हा हेडर एक सांगतो आणि चित्र दुसरं असतं. तेव्हा एका चित्रावर दुसरं बसवणारा जुळणीचा अल्गोरिदम चित्र कितीही फिरवो, ताणो, आरसा दुरुस्त करत नाही. मिळेल ती सर्वांत कमी वाईट जुळणी देऊन तो थांबतो.

साठवण वेगळी आणि पडद्यावर दाखवणं वेगळं, हाही गोंधळ नेहमीचा. रेडिऑलॉजिस्ट रुग्णाच्या पायाशी उभं राहून पाहावं तसं पाहतात, रुग्णाची डावी बाजू पडद्याच्या उजवीकडे. संशोधनातली पुष्कळ मंडळी डोक्याच्या बाजूने पाहतात. व्ह्यूअरमध्ये त्यासाठी एक बटण असतं. ते दाबल्याने फाइल बदलत नाही. दोन माणसं दोन पडद्यांवर तीच फाइल बघून भांडताना मी पाहिली आहेत. आधी दोघांची बटणं बघावीत.

*

पडद्याच्या कडेला येणारी ‘आर’ आणि ‘एल’ ही अक्षरं व्ह्यूअर हेडर वाचून लिहितो. हेडर चुकला तर अक्षरंही चुकतात. त्यांचा पुरावा म्हणून उपयोग नाही.

पुरावा म्हणजे इ जीवनसत्त्वाची कॅप्सूल. स्कॅनआधी उजव्या कानशिलावर चिकटवायची. आतलं तेल टी-१ चित्रात पांढरं ठळक दिसतं, त्वचेला लागून, गोळीच्याच आकाराचं. ती कोणत्याही हेडरवर अवलंबून नाही. ती त्या माणसाच्या शरीराबरोबर स्कॅनरमध्ये गेली आणि त्याच्याच बरोबर चित्रात आली. औषधांच्या दुकानात मिळणारी ही गोळी माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत भरवशाचं उपकरण आहे. फक्त एक: चेहरा पुसून टाकणारं गोपनीयतेचं सॉफ्टवेअर चालवण्याआधी तिची बाजू नोंदवून ठेवावी, कारण ते कधीकधी कॅप्सूलही पुसतं.

कॅप्सूल नसेल तर दुसरे साक्षीदार शोधावेत. फंक्शनल स्कॅनमध्ये उजव्या हाताची बोटं हलवायला सांगितली असतील तर डाव्या बाजूचा मोटर कॉर्टेक्स उजळला पाहिजे. पक्षाघाताच्या रुग्णाचा कागद पाहावा: उजवा हात-पाय लुळा असेल तर मेंदूतली जखम बहुधा डावीकडे. वाचा गेली असेल तरी बहुधा डावीकडे. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचा गेलेल्या लेबोर्न या रुग्णाचा मेंदू पॅरिसमध्ये सर्वांसमोर ठेवला आणि १८६५ मध्ये वाचेचा संबंध डाव्या गोलार्धाशी जोडला. तेव्हापासून मेंदूच्या अभ्यासात बाजू हीच माहिती आहे.

*

जुन्या फाइलींचा इतिहास कळला की अर्ध्या तक्रारींचा उलगडा होतो. मेयो क्लिनिकच्या अ‍ॅनालाइझ स्वरूपात दोन फाइली असायच्या, ३४८ बाइटचा हेडर एकीकडे आणि चित्र दुसरीकडे. दिशा सांगायला त्यात एक अपुरा रकाना होता, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावायचं. एसपीएम या सॉफ्टवेअरमध्ये तर चित्र उलटवून वाचायचं की नाही याची वेगळी सेटिंग होती. एका प्रयोगशाळेत एक, शेजारच्या प्रयोगशाळेत दुसरी. या गोंधळातून पुढे निफ्टी आलं. जुनी सॉफ्टवेअर चालावीत म्हणून त्याचाही हेडर ३४८ बाइटचाच ठेवला, पण दिशेसाठी स्पष्ट जागा दिली.

जुन्या हार्ड डिस्कवर दोन-दोन फाइलींच्या जोड्या आजही सापडतात. त्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये मुकाट्याने उघडतात. मुकाट्याने, हाच त्रास. अशी जोडी कोणत्या सॉफ्टवेअरने, कोणत्या सेटिंगने लिहिली हे माहीत नसेल तर बाजू कळली असं मानू नये.

*

निफ्टीने दिशेसाठी एकाऐवजी दोन जागा दिल्या. क्यूफॉर्म आणि एसफॉर्म. क्यूफॉर्म क्वाटर्निअनने लिहिलेला, त्यात फिरवणं आणि सरकवणं मावतं, तिरपं ताणणं मावत नाही. एसफॉर्म म्हणजे सरळ मॅट्रिक्सच्या तीन ओळी. त्यात काहीही मावतं. प्रत्येकाबरोबर एक कोड: ० अज्ञात, १ स्कॅनरची जागा, २ दुसऱ्या चित्राशी जुळवलेली, ३ तालेराख, ४ एमएनआय.

दोन्ही सारखे असले तर प्रश्न नाही. पण एसपीएममध्ये जुळणीचा फक्त अंदाज घेतला की चित्राचे आकडे तसेच राहतात आणि हेडर बदलतो. एसफॉर्म नवा, क्यूफॉर्म कधीकधी जुनाच. हीच फाइल क्यूफॉर्म आधी वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की जुळणी नाहीशी. “तिकडे जुळतं, इकडे सरकतं” अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हे दोन मॅट्रिक्स शेजारी शेजारी छापते.

सिंपल-आयटीके वापरणाऱ्यांना याच घरातली आणखी एक अडचण येते: दिशा ऑर्थोनॉर्मल (एकमेकींशी काटकोनात, एकक लांबीच्या) नाहीत म्हणून फाइल उघडायलाच नकार. सगळीकडे सांगितला जाणारा तोडगा म्हणजे क्यूफॉर्म उचलून एसफॉर्मवर लिहा. फरक दशांशाच्या पाचव्या-सहाव्या घरात असेल तर खुशाल लिहावं, ती नुसती पूर्णांकनाची कसर आहे. फरक मोठा असेल तर कुणीतरी मेहनतीने केलेली जुळणी आपण पुसत आहोत. आधी वजाबाकी छापायची, मग ठरवायचं.

*

अक्षरांचा घोळ. पायथनमधलं निबाबेल ‘एल-पी-एस’ म्हणतं तेव्हा क्रमांक डावीकडे, मागे आणि वर *जाताना* वाढतात. अफनी हे सॉफ्टवेअर त्याच फाइलला ‘आर-ए-आय’ म्हणतं, कारण ते कुठून *निघालो* ते सांगतं. फाइल एक, वर्णनं पूर्ण उलटी, दोन्ही बरोबर. ईमेलमध्ये नुसती तीन अक्षरं लिहू नयेत, कोणत्या सॉफ्टवेअरची ते लिहावं. स्कॅनरमधून येणारं डायकॉम हे स्वरूप डावीकडे आणि मागे मोजतं, निफ्टी उजवीकडे आणि पुढे. म्हणून रूपांतरात पहिल्या दोन अक्षांची चिन्हं बदलतात. हाताने लिहिलेल्या रूपांतराच्या कोडमध्ये यातलं एक चिन्ह राहिलं की आरसा तयार.

*

अफनीच्या गटातले डॅनियल ग्लेन, पॉल टेलर, रॉबर्ट कॉक्स आणि सहकारी यांनी २०२० मध्ये एक लेख लिहिला. सार्वजनिक संग्रहांतल्या स्कॅनमध्येही उजव्या-डाव्याची अदलाबदल सापडते, हे त्यांनी दाखवलं. कितीतरी लोकांनी वापरलेला डेटा तो. त्यांची पद्धत मला फार आवडते. एकाच माणसाचा फंक्शनल स्कॅन त्याच्या शरीररचनेच्या स्कॅनशी जुळवायचा; मग त्याचा मुद्दाम आरसा करून पुन्हा जुळवायचा. आरसा जास्त चांगला जुळला तर दोहोंतला एक उलटा आहे. मेंदूच्या वळ्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या नसतात. डोळ्यांना न दिसणारा तो फरक हजारो व्हॉक्सेलच्या हिशेबात उमटतो.

कोणता स्कॅन उलटा, हे मात्र यातून कळत नाही. दोन्ही उलटे असतील तर तेही कळत नाही. त्यासाठी पुन्हा कॅप्सूलच.

*

डिफ्युजनच्या डेटात चित्राबरोबर दिशांची वेगळी फाइल असते, बी-व्हेक. चित्र उलटवलं आणि ती विसरली, किंवा क्षचं चिन्ह चुकलं, तर काय दिसतं? एफएचा, म्हणजे तंतू किती एकदिश आहेत याचा, नकाशा अगदी सुरेख, कारण त्याला दिशेशी देणं-घेणं नाही. दिशांचा रंगीत नकाशाही जवळजवळ बरोबर. कॉर्पस कॅलोसमच्या मधोमध तंतू सरळ आडवे जातात. आडव्या रेषेचा आरसा आडवाच, म्हणून आडव्या दिशेचा लाल रंग लालच. बिघाड फक्त तिरप्या जागी कळतो. कॅलोसमच्या पुढच्या टोकापासून तंतू कपाळाकडे वळतात तिथे मोठं करून बघा. दिशांच्या रेघा वळणाबरोबर वळायला हव्यात. चिन्ह चुकलं असेल तर त्या वळणाला छेदून आडव्या-तिडव्या पडतात आणि तंतूंचे मार्ग काढणाऱ्या ट्रॅक्टोग्राफीचे धागे तिथेच तुटतात.

एफएसएलचा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे: मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट धन असेल तर बी-व्हेकचा क्ष उलटा धरायचा. एमआरट्रिक्समधली डीडब्ल्यूआय-ग्रॅडचेक ही कमांड वेगवेगळी चिन्हं लावून बघते आणि कशाने धागे लांब निघतात ते सांगते. तरी मी ती वळणाची जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

*

फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर सहसा प्रत्येक स्कॅन २५६ × २५६ × २५६, १ मिलिमीटरच्या ठोकळ्यात बसवतं आणि मेंदूचा पृष्ठभाग स्वतःच्या अक्षांवर लिहितं, ज्यांचा मूळबिंदू त्या ठोकळ्याच्या मध्यावर. तो पृष्ठभाग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेला आणि तो मेंदूपासून नुसता सरकलेला दिसला, फिरलेला नाही, तर हेच कारण. सरकण्याचं अंतर हेडरमधल्या सी-आर-ए-एस या तीन आकड्यांत मिळतं.

*

एफएसएलमधल्या दोन कमांड. रीओरिएंट-टू-स्टँडर्ड चित्र ९०-९० अंशांनी फिरवून टेम्प्लेटसारखं मांडते, हेडरही बरोबर बदलते. ती निर्धास्त वापरावी. स्वॉपडिम मात्र क्ष उलटवायला सांगितलं की आकडे उलटवते आणि उजवं-डावं बदलत असल्याचा इशारा पडद्यावर छापते. शेकडो फाइलींच्या लूपमध्ये तो इशारा कुणी वाचत नाही. तिच्या जोडीला हेडर उलटवणारी ओरिएंट कमांड दिली तर दोन्ही मिळून साठवण बदलते आणि शरीर तेच राहतं. यातली एकच चालवली तर माणूस बदलतो. नाव बदलून मूळ फाइल शेजारी ठेवल्याखेरीज यातली कुठलीच चालवू नये.

*

जुळणी बिघडली की “आपले मेंदू पाश्चात्त्य टेम्प्लेटवर कसे बसणार?” असं ऐकू येतं. प्रश्न मोलाचा आहे, आणि त्यावर काम झालं आहे. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ६ ते ६० वर्षं वयोगटासाठी पाच भारतीय टेम्प्लेट प्रसिद्ध केले. पण तो फरक मिलिमीटरांचा. मेंदू चार सेंटिमीटर बाजूला किंवा काटकोनात फिरलेला असेल तर टेम्प्लेटला दोष देऊ नये. एसपीएम हेडरने सांगितलेल्या जागेपासून शोध सुरू करतं, ती जागाच फार लांब असली तर रस्ता चुकतं. डिस्प्लेच्या खिडकीत मूळबिंदू अँटिरियर कमिशरवर आणून ठेवला की बहुतेक वेळा काम होतं.

*

चूक स्कॅनरच्या खोलीतही होऊ शकते. रुग्ण पाठीवर की पालथा, डोकं आधी की पाय, हे टेक्निशियन यंत्रात निवडतो आणि सगळी दिशा त्यावरून ठरते. उंदीर-माकडांच्या स्कॅनमध्ये हे नेहमीचं आहे: प्राणी पोटावर, मान वर, आणि यंत्रात नोंद पाठीवर झोपलेल्या माणसाची. फ्रीसर्फरमध्ये या बैठकीसाठी स्फिंक्स नावाचा खास पर्याय आहे.

*

आपल्याकडे रुग्ण स्वतः फिल्मचा मोठा लिफाफा आणि सीडी घेऊन दवाखान्यांतून फिरतो. त्या सीडीवर डायकॉम असेल तर सोनं. पुष्कळदा नुसती जेपीईजी चित्रं असतात. त्यांत मॅट्रिक्स नाही, जागा नाही, फक्त छापलेलं अक्षर. अभ्यासात घेऊ नयेत.

स्कॅन केंद्राला पाठवायच्या पत्रात मी हे मागते: मूळ डायकॉम, उजव्या कानशिलावर कॅप्सूल आणि ती लावल्याची फॉर्मवर सही, रुग्ण कसा झोपला होता त्याची नोंद, आणि नाव-पत्ता काढताना ००२०,००३७ व ००२०,००३२ हे दोन टॅग शाबूत. पहिल्यात चित्राच्या ओळी-स्तंभांची दिशा असते, दुसऱ्यात पहिल्या बिंदूची जागा. कॅप्सूल कशासाठी हवी ते टेक्निशियनला प्रत्यक्ष भेटून सांगते. पडद्यावर एक स्कॅन उलटवून दाखवते आणि विचारते, यातला खरा कोणता?

*

इतकं करूनही काही फाइलींची बाजू ठरत नाही. कॅप्सूल नाही, रुग्णाचा कागद नाही, मूळ डायकॉम कधीच पुसलेलं. अंदाजाने त्यांना उजवं-डावं देऊ नये आणि फेकूनही देऊ नये. कुणीतरी त्या बोगद्यात अर्धा तास निश्चल पडून राहिलेलं असतं. तक्त्यात ‘बाजू अनिश्चित’ असा स्तंभ ठेवावा. एकूण मेंदूचं आकारमान, व्हेंट्रिकलचा एकत्रित आकार, अशा बाजू न लागणाऱ्या मोजमापांत त्या घ्याव्यात. गोलार्धांची तुलना येईल तिथे त्या आपोआप गळतील अशी अट कोडमध्येच लिहावी आणि किती गळल्या तो आकडा लेखातल्या पद्धतीच्या भागात द्यावा.